शेपटीवरचे पिल्लू

एप्रिल २०२२ मध्ये पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात, गजलडोबा परिसरातील रस्त्याच्या कडेने कांगारू हिंडताना आढळले. रात्रीच्या वेळी वाहनांच्या दिव्यांत उभे असलेले ते भेदरलेले, हडकलेले जीव पाहून लोकांचा आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. ऑस्ट्रेलियातील प्राणी समुद्र ओलांडून बंगालमध्ये स्वतः चालत आलेला नव्हता, हे उघड होते. वनखात्याने त्यांना ताब्यात घेऊन सिलिगुडीजवळच्या बंगाल सफारी पार्कमध्ये हलविले आणि तस्करीच्या दिशेने तपास सुरू झाला. देशभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी ठळकपणे छापली, दूरदर्शन वाहिन्यांनीही ती दाखविली. परदेशातून चोरून आणलेला प्राणी दिसला की तो डोळ्यांत भरतो. या देशातून चोरून बाहेर जाणारा प्राणी मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण तो पोत्यात असतो आणि बहुधा जिवंतही नसतो.

कांगारू, कोआला यांसारखे पोटाला पिशवी असलेले प्राणी भारतात निसर्गतः नाहीत. शास्त्रीय मराठीत त्यांना शिशुधान प्राणी म्हणतात, आणि हा शब्द अर्थवाहीही आहे. कांगारूचे पिल्लू जेमतेम महिनाभराच्या गर्भवासानंतर जन्मते. त्या वेळी ते घेवड्याच्या दाण्याएवढे, आंधळे आणि केसविरहित असते. आईच्या अंगावरील केस धरून ते सरपटत पिशवीत शिरते, तेथील स्तनाला तोंड लावते आणि पुढचे कित्येक महिने तेथेच वाढते. कोआलाचे पिल्लू सुमारे सहा महिने पिशवीत आणि त्यानंतर तितकेच दिवस आईच्या पाठीवर असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने आपल्या पूर्वेकडील राज्यांतील कोआलाला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले, तेव्हा जगभर हळहळ व्यक्त झाली. ती योग्यच होती. पण आईच्या अंगावर वाढणाऱ्या आणि नामशेष होण्याच्या वाटेवर असलेल्या पिल्लाची कथा ऐकण्यासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जाण्याची गरज नाही. असा एक प्राणी महाराष्ट्राच्या डोंगरांत, माळांत आणि शेतांच्या बांधांवर राहतो. त्याचे नाव खवले मांजर.

नावात मांजर असले तरी हे मांजर नव्हे. त्याला एकही दात नाही, ते म्यांव करीत नाही आणि उंदराकडे ढुंकूनही पाहत नाही. तरीही मराठी माणसाने ठेवलेले हे नाव अगदीच चुकले असे म्हणता येत नाही. पूर्वी शास्त्रज्ञ या प्राण्याला दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊंच्या पंक्तीत बसवीत असत. अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासाने मात्र असे दाखविले की, त्याचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे मांजर, कुत्रा आणि अस्वल ज्यात येतात तो मांसाहारी प्राण्यांचा गण. इंग्रजीतील पँगोलिन हे नाव मलय भाषेतील गुंडाळी करणारा या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे.

जगात खवले मांजराच्या आठ जाती आहेत, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. भारतात त्यांतील दोन आढळतात. चिनी खवले मांजर ईशान्येकडे, तर भारतीय खवले मांजर हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत आणि पुढे श्रीलंकेतही. संपूर्ण पाठ, शेपटी आणि पायांची बाहेरची बाजू मोठ्या, पिवळसर तपकिरी खवल्यांनी झाकलेली असते. कौलारू छपरावर कौले एकावर एक चढलेली असावीत, तशी त्यांची रचना दिसते. पोट आणि चेहरा मात्र उघडे व मऊ. खवल्यांची संख्या साधारण १६० ते २०० भरते आणि त्यांचे वजन एकूण शरीराच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतके असते. हे खवले माशाच्या खवल्यांसारखे नसतात. ते केराटिनचे बनलेले असतात, म्हणजे मनुष्याची नखे, केस आणि गेंड्याचे शिंग ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचे. या एका वाक्यातील सत्य सर्वांना पटले असते, तर या लेखातील पुढचा बराच भाग लिहावाच लागला नसता.

दिवसा ते बिळात झोपते आणि रात्री एकटेच बाहेर पडते. पुढच्या पायांची लांब, वाकडी नखे झिजू नयेत म्हणून ती आत वळवून, मुठी टेकल्यासारखे ते चालते. दृष्टी बेताची, सारी भिस्त वासावर. वाळवीचे वारूळ किंवा मुंग्यांचे घर सापडले की ते नखांनी उकरते आणि चिकट, दोरीसारखी जीभ आत सोडते. ही जीभ इतकी लांब असते की तिचे मूळ तोंडात मावत नाही, ते छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत गेलेले असते. जेवताना नाकपुड्या आणि कान मिटून घेण्याची सोय आहे. दात नसल्यामुळे गिळलेले अन्न जठरातच, सोबत गिळलेल्या वाळू-खड्यांच्या साहाय्याने दळले जाते. जणू पोटातच जाते बसविलेले आहे.

त्याची बिळे दोन प्रकारची असतात. अन्नासाठी उकरलेली उथळ, आणि राहण्यासाठी खणलेली खोल. राहत्या बिळात शिरल्यावर ते पुष्कळदा आतून मातीने तोंड बुजवून घेते. सोडून दिलेल्या बिळांत नंतर साळिंदरासारखे इतर प्राणी आश्रय घेतात. उकरलेल्या मातीत पावसाचे पाणी मुरते, हवा खेळते. शेतकरी ज्याला जमिनीची मशागत म्हणतो, ती रानात कोण करते याचे हे एक उत्तर आहे. आणि वाळवी म्हणजे काय, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. उसाच्या बेण्यापासून घराच्या चौकटीपर्यंत तिने काहीही सोडलेले नसते. तिच्यावर ओतल्या जाणाऱ्या औषधाचा खर्च हिशेबाच्या वहीत दिसतो. एक खवले मांजर वर्षभरात ज्या कोट्यवधी मुंग्या आणि वाळवी खाते, त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

आता पिल्लाविषयी. मादीला एका वेळी साधारणपणे एकच पिल्लू होते, जुळे क्वचितच. जन्मतः त्याचे वजन पाव किलोच्या आसपास किंवा थोडे अधिक. डोळे उघडे असतात आणि अंगावर खवलेही असतात, परंतु ते मऊ आणि फिकट. हवा लागून हळूहळू कठीण होत जातात. आईला छातीशी स्तनांची एकच जोडी असते. पहिले काही आठवडे पिल्लू बिळातच राहते, आई रात्री चरून परत येते. पुढे ते तिच्याबरोबर बाहेर पडू लागते, मात्र स्वतःच्या पायांनी नव्हे. आईच्या शेपटीच्या बुंध्याशी आडवे पडून, खवल्यांच्या कडा नखांनी घट्ट धरून ते प्रवास करते. वारूळ कसे शोधावे, कोठे उकरावे, कोणत्या मुंग्या खाव्यात, हे सारे शिक्षण या शेपटीवरच होते. काही महिन्यांनी दूध सुटते आणि मग एके दिवशी पिल्लू आपल्या वाटेने जाते. आजन्म एकटा राहणाऱ्या या प्राण्याच्या आयुष्यात सहवासाचा दीर्घ काळ असा हा एवढाच.

संकटाची चाहूल लागली की आई शेपटीवरचे पिल्लू पोटाखाली ओढून घेते आणि त्याच्याभोवती स्वतःचे वेटोळे करते. डोके पोटाशी, त्यावर शेपटी घट्ट आवळलेली, बाहेर सगळीकडे धारदार कडांचे खवले. हा गोळा बिबट्याला उघडता येत नाही, वाघालाही सहसा नाही. कोट्यवधी वर्षे हा उपाय पुरला. मनुष्यापुढे मात्र त्याचाच घात होतो. पळून न जाता, चावा न घेता, निमूटपणे गोळा होऊन पडणाऱ्या प्राण्याला उचलून पोत्यात टाकण्यासाठी शौर्य लागत नाही, साधी बंदूकसुद्धा लागत नाही. बिळाला धूर द्यावा किंवा ते खणावे, कुत्र्याने माग काढावा, गोळा उचलावा. पोटाशी पिल्लू असेल तर तेही त्याच पोत्यात जाते.

उचलून नेण्याचे कारण ते खवले. चीन आणि व्हिएतनाममधील पारंपरिक औषधांत ते भाजून, दळून वापरले जात. दूध वाढविणे, सूज उतरविणे, रक्ताभिसरण सुधारणे असे गुण त्यांना चिकटविलेले आहेत. मांसही तेथे प्रतिष्ठेचे खाणे मानले गेले. या खवल्यांचे आकर्षण फार जुने आहे. भारतीय खवले मांजराच्या खवल्यांचा, सोन्याचा मुलामा दिलेला एक चिलखती अंगरखा आणि शिरस्त्राण १८२० मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला भेट म्हणून गेले होते. पण तो एक अंगरखा होता. आजचा व्यवहार टनांमध्ये चालतो.

एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरच्या बंदरात, नायजेरियाहून व्हिएतनामकडे निघालेल्या मालात ३ तारखेला १२.९ टन आणि ८ तारखेला १२.७ टन खवले सापडले. दोन्ही मिळून सुमारे ३८,००० प्राण्यांचे हे खवले असावेत, असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता. ते आफ्रिकेतील होते, परंतु हिशेब समजून घेण्यासाठी हा आकडा उपयोगी पडतो. तितक्याच, म्हणजे ३८,००० प्राण्यांची दुसरी वस्ती एखाद्या रानात पूर्ण सुरक्षित आहे असे धरू. त्यांत निम्म्या माद्या. प्रत्येक मादीला वर्षाला एक पिल्लू झाले आणि ते सर्व जगले, जे रानात कधीच घडत नाही, तरी १९,००० पिल्ले. म्हणजे एका आठवड्यात एका बंदरात सापडलेले नुकसान भरून यायला, एकही मृत्यू न होता, दोन वर्षे लागतील. व्याजावर जगणाऱ्याने मुद्दल मोडायला सुरुवात केली की खाते कसे रिकामे होते, हे कोणत्याही ठेवीदाराला ठाऊक असते. येथे तर व्याजाचा दर निसर्गाने फारच कमी ठेवला आहे, आणि मुद्दल उचलणाऱ्याला पासबुकात किती शिल्लक आहे हेही माहीत नाही.

भारतातील चित्र लहान आकड्यांचे असले तरी सुखावह नाही. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या भारतीय शाखेने केलेल्या नोंदींनुसार २००९ ते २०१७ या काळात किमान ५,७७२ खवले मांजरे या व्यापारात बळी पडली. पुढच्या पाहणीत, २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत, ३४२ प्रकरणांत १,२०३ प्राण्यांची नोंद झाली. ओडिशा पहिल्या क्रमांकावर होते, ७४ प्रकरणे आणि १५४ प्राणी. दुसरा क्रमांक महाराष्ट्राचा : ४७ प्रकरणे, १३५ प्राणी. पाच वर्षांत १३५ म्हणजे आपल्या राज्यात महिन्याला दोनहून अधिक. हे केवळ पकडले गेलेल्यांचे आकडे आहेत. जी पोती चेकनाक्यावरून निर्धोक पुढे गेली, त्यांची गणती यात नाही. पहिल्या आणि दुसऱ्या काळातील आकड्यांत जी घट दिसते, ती तस्करी कमी झाल्यामुळे की प्राणीच कमी उरल्यामुळे, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

कायद्याची उणीव आहे असे मात्र म्हणता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खवले मांजराचा समावेश आहे, म्हणजे संरक्षणाची जी पायरी वाघाची तीच याची. २०२२ च्या सुधारणेनंतर अशा प्राण्याच्या शिकारीला किंवा व्यापाराला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथील साइटीस परिषदेत आठही जाती पहिल्या परिशिष्टात घेतल्या गेल्या आणि जानेवारी २०१७ पासून त्यांचा आंतरराष्ट्रीय बाजार बंद झाला. २०२० मध्ये, कोविडच्या पार्श्वभूमीवर, चीनने खवले मांजराला आपल्याकडील सर्वोच्च संरक्षण दिले आणि त्याच वर्षीच्या अधिकृत औषधकोशातील घटकद्रव्यांच्या यादीतून खवले वगळले. मागणीच्या टोकाला घडलेली ही गोष्ट महत्त्वाची आहे. परंतु शतकानुशतकांची सवय राजपत्राने एका रात्रीत सुटत नाही, हे दारूबंदीच्या जिल्ह्यांत राहिलेल्या वाचकांना सांगायला नको.

महाराष्ट्रात या व्यापाराला आणखी एक पुस्ती जोडली गेली आहे, ती अफवेची. मांडूळ सापाच्या बाबतीत जे झाले तेच येथे होते. गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, अमुक वजनाच्या जिवंत प्राण्याला परदेशी ग्राहक कोट्यवधी रुपये मोजतो, अशा गोष्टी सांगत दलाल खेडोपाडी हिंडतो. प्रत्यक्षात तो ग्राहक कोणी पाहिलेला नसतो. पुष्कळदा असे घडते की, प्राणी आठवडाभर ड्रममध्ये किंवा पेटीत उपाशी ठेवला जातो, सौदा करायला आलेला ग्राहक हा पोलिसांनी किंवा वनखात्याने पाठविलेला बनावट ग्राहक निघतो, आणि हातात बेड्या पडतात त्या बीळ खणणाऱ्या मजुराच्या. दलाल तोपर्यंत पुढच्या तालुक्यात पोहोचलेला असतो. या मजुराला अपराधातून मुक्त करावे असे नाही. पण ज्याने त्याला लोभ लावला, त्याचे नाव आरोपपत्रात क्वचितच येते, याची खंत वाटते.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसराचा या कथेशी संबंध काय, असे कोणी विचारील. अजिंठ्याची डोंगररांग या जिल्ह्याच्या उत्तरेला पसरलेली आहे. कन्नड आणि चाळीसगावच्या दरम्यानचे गौताळा औट्रम घाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे कोरडे पानगळीचे रान, त्याला लागून माळ, गायरान आणि शेते. खवले मांजराला याच प्रकारची भूमी मानवते : खणता येईल अशी माती, झुडपांचा आडोसा आणि भरपूर वारुळे. वारूळ हे आपल्याकडे केवळ वाळवीचे घर नाही. नागपंचमीला स्त्रिया त्याची पूजा करतात. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या पायांशी वारुळे कोरलेली आहेत आणि त्यांतून सर्प बाहेर येत आहेत. शहरापासून तासाभराच्या अंतरावर, वेरूळच्या जैन लेण्यांतही वेलींनी वेढलेले बाहुबली उभे आहेत. साधना इतकी निश्चल की भोवती वारूळ वाढले आणि अंगावर वेली चढल्या, तरी हालचाल नाही. ती वारुळे आता ट्रॅक्टरच्या फाळाखाली सपाट होत आहेत. माळ नांगरला जातो, बांध कोरला जातो, वारुळावर कीटकनाशक ओतले जाते. शिकारी न येताही खवले मांजराचे घर आणि अन्न दोन्ही जाते.

त्यात नव्या संकटांची भर पडली आहे. घाटातील आणि महामार्गावरील भरधाव वाहनासमोर गोळा होऊन बसण्याचा उपयोग नाही. समृद्धी महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी आणि उन्नत मार्ग ठेवण्यात आले आहेत. जुन्या रस्त्यांवर तशी सोय नाही. रानडुकरांसाठी शेताभोवती सोडलेला विजेचा प्रवाह हे दुसरे संकट. दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, तारेचा झटका बसताच खवले मांजर सवयीप्रमाणे गोळा होते, तारेलाच वेढा घालते आणि मग झटके बसत राहतात. कठडा नसलेली विहीर हे तिसरे.

येथे जीवदया मानणाऱ्या घरांत एक प्रश्न उपस्थित होऊ शकतो, आणि तो दडपून टाकण्यासारखा नाही. ज्या घरांत मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली पाहून चालण्याचा संस्कार आहे, झाडाच्या मुळाशी मुंग्यांना पीठ-साखर घालण्याची रीत आहे, त्या घराने कोट्यवधी मुंग्या खाणाऱ्या प्राण्याची कड कशी घ्यावी? उत्तर फार गुंतागुंतीचे नाही. तिर्यंच जीव आपल्या स्वभावानुसार आहार घेतो. त्याच्या आहाराचा हिशेब मनुष्याच्या खात्यावर मांडला जात नाही. मनुष्याच्या खात्यावर मांडला जातो तो मनुष्याचा व्यापार. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्याचा उल्लेख आहे. हस्तिदंतापुरता तो मर्यादित नाही. नखे, हाडे, कातडी, केस असे प्राण्यांचे अवयव त्यांच्या उत्पत्तिस्थानी जाऊन खरेदी करण्याचा त्यात निषेध आहे. मागणी करणाराच मारणाऱ्याला प्रवृत्त करतो, हे तत्त्व त्यामागे आहे. शेकडो वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांनी सिंगापूरचे बंदर पाहिले नव्हते, पण व्यापाराची साखळी त्यांना नेमकी कळलेली होती.

दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची आहे. दयाळू माणसाच्या हातूनही या प्राण्याला अपाय होतो. कोणी विहिरीतून काढलेले खवले मांजर प्रेमाने घरी आणतो, कोणी ते पांजरपोळात नेऊन सोडण्याचा विचार करतो. गायी, म्हशी, बैल, कबुतरे यांच्यासाठी पांजरपोळांनी केलेले काम मोठे आहे, त्याला तोड नाही. पण खवले मांजराला दूध, पोळी, फळे यांचा उपयोग नाही. ते पिंजऱ्यात भेदरते, खाणे सोडते, पोटाच्या आणि फुफ्फुसांच्या विकारांनी खंगते. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी हा अनुभव घेतला आहे. पकडून आणलेली बहुतेक खवले मांजरे थोड्याच काळात दगावत असत. भारतात ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००९ पासून खास प्रजनन केंद्र चालविले जाते आणि तेथे पिल्ले जन्मली व वाढलीही आहेत. पण त्यासाठी खास निवारे, प्रशिक्षित कर्मचारी आणि मुंग्यांचा अखंड पुरवठा लागतो. शिवाय पहिल्या अनुसूचीतील प्राणी परवानगीशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हाच आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

म्हणून करावयाचे ते इतकेच. खवले मांजर दिसले आणि ते धडधाकट असेल, तर दूर उभे राहून त्याला जाऊ द्यावे. विहिरीत पडले असेल, जखमी असेल, कोणी पकडून ठेवल्याचे कळले असेल, तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे. वन कर्मचारी येईपर्यंत गर्दी हटवावी, कुत्री बांधून ठेवावीत, प्राण्याला अन्न भरवू नये. मादी असेल तर पोटाशी पिल्लू असण्याची शक्यता असते. वेटोळे सोडवून पाहण्याचा मोह टाळावा. आणखी एक गोष्ट, जी दहा वर्षांपूर्वी लिहावी लागली नसती : त्याचा व्हिडिओ काढून गावाच्या नावासह व्हॉट्सॲपवर पाठवू नये. कौतुकाने पाठविलेला तो संदेश तिसऱ्या-चौथ्या गटात दलालाच्या हाती पडतो आणि आयता पत्ता मिळतो.

या बाबतीत कोकणाने एक पाऊल पुढे टाकले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे नाव वेळासच्या समुद्री कासवांमुळे महाराष्ट्राला माहीत झाले. २००२ पासून तेथे कासवांची अंडी राखण्याचे काम गावकऱ्यांच्या साहाय्याने सुरू झाले. हीच संस्था पुढे खवले मांजराकडे वळली. गावोगावी सभा, शाळांत माहिती, रानात कॅमेरे, शिकार सोडावी म्हणून समजूत. रत्नागिरी जिल्ह्यातील डुगवे गावाने २०२० च्या फेब्रुवारीत खवलोत्सव साजरा केला. फेब्रुवारीचा तिसरा शनिवार जगभर खवले मांजर दिन म्हणून पाळला जातो, त्याला धरून हा उत्सव झाला. ग्रामदेवतेच्या मंदिरात खवले मांजराची प्रतिकृती ठेवून तिची पूजा झाली आणि शिमग्यात देवीची पालखी नाचवावी तशी ती नाचविली गेली. शहरी माणसाला यात थोडा भाबडेपणा दिसेल. पण ज्या गावात पालखी नाचली, तेथे पोते घेऊन बीळ खणायला जाणाऱ्याला आता शेजाऱ्याची नजर चुकवावी लागते, आणि वनरक्षकापेक्षा शेजाऱ्याची नजर चुकविणे नेहमीच कठीण असते.

मध्य प्रदेशात दुसऱ्या दिशेने प्रयत्न झाला. तेथील वनविभाग आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट यांनी तस्करांकडून सोडविलेल्या, उपचार करून बऱ्या केलेल्या खवले मांजरांना रेडिओ यंत्र बसवून सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या रानात सोडले. यंत्र खवल्यालाच जोडले जाते. सुटका झालेला प्राणी पुन्हा रानात रुळतो का, किती फिरतो, कोठे बीळ करतो, हे भारतात प्रथमच अशा रीतीने पाहिले गेले. वाघांची गणना दर चार वर्षांनी होते. खवले मांजरांची देशव्यापी गणना अद्याप झालेली नाही. रात्री बाहेर पडणारा, बिळाचे तोंड बुजवून झोपणारा प्राणी मोजायचा कसा, यावरच अजून अभ्यास चालू आहे. तोपर्यंत आपल्या माळांवर आणि घाटांत त्यांची संख्या किती आहे, याचा अंदाज पकडलेल्या पोत्यांवरून करावा लागतो.